गुरुवारी काकूंना बरं नसतं का?

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. महाडला इक्बालच्या सायबर कॅफेच्या जिन्याखाली पावसाळाभर छत्र्या साठायच्या, तसे ते साठतात. एक जण विसरतो, त्याच्या शेजारी दुसरा विसरतो, आणि दसऱ्याला बघावं तर ढीग! कुठली कुणाची ते कुणालाच आठवत नाही, पण प्रत्येक जण म्हणतो, "ती लाकडी मुठीची माझी."

तेव्हा पुढे जे सांगतोय त्यातलं एखादं वाक्य माझ्याकडून एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या तोंडी गेलं असेल. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर मला चैन पडणार नाही. मी निवृत्त प्राध्यापक आहे. माणसानं खरं का बोलावं, या विषयावर मी डॉक्टरेट केली. बायको म्हणते, "तुम्ही किस्सा सांगायला लागलात की आधी प्रस्तावना, मग तळटीप, आणि शेवट येईपर्यंत पाहुणे चपला घालतात."

प्रस्तावना संपली.

* * *

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं. इंटरनेट जोडायचं म्हणजे मोडेम मांजरासारखा किंचाळायचा. इक्बाल सौदीतल्या दमामहून परत आला होता आणि भावाच्या टायरच्या दुकानावर त्यानं कॅफे टाकला होता. खाली रबराचा वास, वर जग! रोज संध्याकाळी आम्ही तिघं तिथे जमायचो. मी. हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या कांबळे बाई. आणि महाबळेश्वरच्या रस्त्याला ज्यांचे ट्रक धावतात ते बाबूशेठ. बाबूशेठना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. चहा तिथे चांगला मिळतो म्हणून ते यायचे.

इक्बालनं एक वेबपेज काढलं होतं. महाड-पोलादपूरची जी माणसं मुंबईला, आखातात गेलीत त्यांनी तिथे येऊन गप्पा माराव्यात, गावची खबर विचारावी. कल्पना उत्तम. फक्त कुणी येत नव्हतं.

इक्बाल म्हणाला, "सर, रिकाम्या हॉटेलात कुणी शिरत नाही. दारातल्या टेबलावर आधी आपलाच एक माणूस बसवायचा. चहा पीत."

"म्हणजे खोटं गिऱ्हाईक?" मी विचारलं.

"चहा खरा असतो ना!"

अशी आमची सुमनकाकू जन्माला आली. राहणार पोलादपूर, वय साठीच्या पुढे. नाव कांबळे बाईंनी ठेवलं. "सुमन नावाच्या बाईवर कोण संशय घेणार?"

मी बारीक आवाजात म्हणालो, की ही फसवणूक ठरते का, याचा विचार व्हायला हवा.

बाबूशेठ म्हणाले, "सर, ती अजून काय बोललीपण नाय. जरा बोलू तर द्या बाईला!"

* * *

आडनावावर अडलं. मी यादी करायला लागलो तर बाईंनी हात आडवा घातला.

"आडनाव नको. आडनाव आलं की गाव विचारतात, गाव सांगितलं की आळी विचारतात, आणि आळी कळली की पुढे काही विचारतच नाहीत!"

सुमनकाकू आडनावाशिवाय पेजवर आली आणि पंधरवड्यात पेज भरलं. बोरिवली, भांडुप, कुवेत, मस्कत. रोमन अक्षरांतल्या मराठीत सगळे काकूंना विचारत होते, पाऊस किती, सावित्रीचं पाणी कुठवर आलंय, जत्रा कधी. आणि प्रत्येक जण दोन दिवसांनी हळूच विचारायचा, "काकू, तुम्ही नक्की कुणातल्या?"

बाईंनी एकदाच उत्तर दिलं आणि पुन्हा कुणी विचारलं नाही.

"जो विचारेल त्याच्यातली!"

* * *

काकू चालवायच्या म्हणजे काम वाढलं. म्हणून आम्ही वार वाटून घेतले. पासवर्ड एक, काकू चार!

इक्बालच्या वारी काकू स्वयंपाक सांगायच्या. आमच्या चौघांत नीट स्वयंपाक येणारा तो एकटाच. पण तो शिकला दमामला, कामगारांच्या मेसमध्ये. कुणा नव्या सुनेनं विचारलं, "काकू, कोलंबीचं कालवण कसं करू?" काकूंनी लिहिलं, "पाच किलो कोलंबी घे."

पेजवर हाहाकार! "काकू, तुमच्याकडे रोज एवढी माणसं जेवतात? धन्य आहे तुमची!"

बाबूशेठच्या वारी ते तोंडानं सांगायचे आणि इक्बाल टाइप करायचा. एका मुलानं लिहिलं, की नवी गाडी घेऊन महाबळेश्वरला चाललोय. काकूंचं उत्तर आलं, "परत येताना आंबेनळी घाटात गाडी न्यूट्रल टाकशील तर याद राख. सेकंडमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, लायनर जळतात."

मुलगा चाट पडला. "काकू, तुम्हाला गाडी येते?"

बाबूशेठनी क्षणभर विचार केला. "लिही, आमचे हे डायवर हायत."

काकूंना नवरा मिळाला. दुसऱ्या दिवशी माझा वार. मला हे माहीत नव्हतं. मी लिहून मोकळा झालो, की आमचे हे संस्कृतचे शिक्षक.

आता काय करायचं? लोक विचारायला लागले. कांबळे बाईंनी शांतपणे खुर्ची ओढली, दोन ओळी टाइप केल्या आणि उठल्या. काकूंचे यजमान वारले होते!

"बाई!" मी ओरडलो. "अहो, माणूस मारलात?"

"वर्गात एका गणिताची दोन उत्तरं आली की मी दोन्ही खोडते."

बाबूशेठ मात्र खरंच रुसले. "माझा चांगला डायवर होता. घाटात कधी घासला नाय त्यानं!" त्या दिवशी त्यांनी चहाला हात लावला नाही.

* * *

मग दुखवट्याचे मेसेज यायला लागले. माणसं तीन देशांतून हळहळत होती. मी हिशेब मांडायला लागलो. डोळ्यांतलं पाणी खरं आणि मेलेला माणूस खोटा, तर पाणी कुठल्या खात्यात घालायचं? पुस्तकात याला उत्तर नव्हतं. मी शोधलं.

इक्बालची अडचण वेगळीच. "सर, बोरिवलीचे विचारतायत तेरावं कधी. मुलुंडचे विचारतायत पुण्यानुमोदन कधी. आणि कुवेतवरून माझा मामेभाऊ विचारतोय चाळिसावा कधी! काय लिहू?"

आडनाव नसल्याचा हा परिणाम. तिघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "याबाबत दोन मतं संभवतात."

बाईंनी माझ्याकडून कीबोर्ड काढून घेतला. "यांच्या इच्छेप्रमाणे काही केलं नाही. अंगणात फणसाचं रोप लावलं."

सगळं पेज गहिवरलं. कुवेतच्या मामेभावानं इक्बालला वेगळी मेल टाकली, "तुमच्या गावात कसली कसली मोठी माणसं आहेत, आणि तू टायर विकत बसलायस!"

* * *

आमच्याकडे कुणाला ओळखत नाही असं म्हणणं हा कमीपणा समजतात. तालुका एवढासा. त्यामुळे काकू पेजवरून बाहेर पडून गावात हिंडायला लागल्या.

डोंबिवलीच्या एकानं लिहिलं, "काकू, आठवतं का? सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर तुम्ही माझ्या आईचे गुडघे चोळून दिले होते." खाली चार जणांनी दुजोरा दिला. एकानं तर काकूंच्या लुगड्याचा रंग सांगितला!

आम्ही हसून हसून लोळलो. बाबूशेठ सगळ्यांत जास्त. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय झालं शेठ?"

"घरी सहज म्हटलं, पोलादपुरात कोण सुमनकाकू हाय म्हणतात. तर आमची मंडळी म्हणते, हाय म्हणजे? माझ्या माहेरच्या बाजूची! लांबून आत्या लागते. लग्नात तिच्या पाया पडलात, तेव्हा तुम्ही टेम्पोकडं बघत होतात!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, हो, आठवली."

* * *

आता माझी काकू. माझा वार गुरुवार. मी प्रामाणिकपणे लिहायचो. कुणी विचारलं, गावी घर बांधू की मुंबईत, तर काकू दोन्ही बाजू मांडायच्या, मग तिसरी, मग अखेरीस लिहायच्या की निर्णय ज्यानं त्यानं घ्यायचा.

कांबळे बाई म्हणाल्या, "सर, ही काकू आहे का प्रबंध?"

मी म्हणालो, खोटं बोलायचंच आहे तर निदान विचारपूर्वक बोलावं.

त्याच आठवड्यात भांडुपच्या एका बाईंनी पेजवर काळजीनं विचारलं, "गुरुवारी काकूंना बरं नसतं का?"

माझी एकच गोष्ट लोकांना आवडली. पोरं निघताना 'बाय' लिहायची. मी एकदा चिडून लिहिलं, "बाय काय? घरातून निघताना 'येतो' म्हणावं. आल्यावर आधी जेवावं, मग बोलावं." तेव्हापासून आखातापर्यंत सगळी पोरं 'येतो काकू' लिहून मग कॉम्प्युटर बंद करायला लागली. एवढ्या आयुष्यात माझं कुणी एवढं ऐकलं नव्हतं.

* * *

या पोरांत संदेश होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी त्याचं गाव. घरी आई एकटी. दुबईत मोठ्या हॉटेलात सुपरवायझर. पेजवर रुबाब असा, की हॉटेल बहुधा त्याच्याच जिवावर उभं! कुणाला नोकरी हवी असली की म्हणायचा, "मी बोलतो साहेबांशी."

एका गुरुवारी त्याचा फक्त काकूंसाठी मेसेज आला.

"काकू, मी सुपरवायझर नाय. भांडी घासतो. आई गावात सगळ्यांना सुपरवायझर सांगते, म्हणून तिला सांगता येत नाय. कुणालाच सांगितलं नाय. तुम्हाला सांगतो."

 या पोरानं सगळ्या जगात एका माणसाला खरं सांगितलं, आणि तो माणूसच नव्हता! मी कीबोर्डवर हात ठेवून बसलो. दोन मतं संभवत होती, पण एकही बोटांत उतरेना. शेवटी घाबरून जे सुचलं ते टाइप केलं.

"जेवलास का?"

 मग, "जेवलो काकू. आज पहिल्यांदा कुणी विचारलं."

मेसेज आम्हां चौघांना दिसणारच होता, पासवर्ड एकच. दुसऱ्या दिवशी चौघं जमलो. मग मी बोलायला लागलो. हेतू चांगला असला तरी साधन खोटं असेल तर, आणि समजा परिणाम चांगला झाला तर, पण ज्याच्यावर परिणाम होतो त्याची संमती नसेल तर...

बाबूशेठ मध्येच म्हणाले, "सर, निकाल काय तेवढा सांगा."

"निकाल असा नाही."

"कमाल हाय! एवढं शिकून अजून निकाल लागला नाय तुमचा!"

एवढं मात्र ठरलं, की काकूंनी त्याला आईशी खरं बोलायला सांगायचं. गुरुवारी मी लिहिलं, "आईला सांगून टाक. आईशी खोटं बोलून राहू नये."

त्यानं लगेच विचारलं, "काकू, तुम्ही कधी कुणाशी खोटं बोललात का?"

मी पडद्याकडे बघतोय, पडदा माझ्याकडे बघतोय. आणि वीज गेली! लोडशेडिंगचे आभार मानणारा महाड तालुक्यातला पहिला माणूस मी असेन.

* * *

मग तो मेसेज आला. "रजा मिळाली. गावी येतोय. आधी काकूंना भेटणार, तुम्ही हिंमत दिलीत तर मग आईसमोर जाणार."

कॅफेत पळापळ. बाबूशेठ म्हणाले, "काकूला मारा. एकदा केलंय, जमेल."

"मी आता कुणाला मारणार नाही," कांबळे बाई म्हणाल्या. "त्या पोराला तर उलट्या पावली परत पाठवाल!"

"मग आमच्या मंडळींची ती आत्या उभी करू. तिला ऐकायला येत नाय, काय विचारलं तरी हसते."

इक्बाल म्हणाला, "तो इकडे येतोय ना? काकूंना दुबईला पाठवू!"

शेवटी ठरलं, खरं सांगायचं. महाडजवळच्या वीर स्टेशनला त्याला गाठायचं आणि पोलादपूरला जायच्या आधी सांगायचं. कुणी? तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही डॉक्टर आहात सर, खरं बोलण्याचे," बाई म्हणाल्या.

* * *

वीरला गाडी उशिरा आली. मी फलाटावर येरझाऱ्या घालत वाक्यं पाठ करत होतो. फोटो कुणी पाहिलेला नव्हता, पण आखातातून आलेलं पोरगं ओळखू येतं. डब्यातून एक उतरला. डोळ्याला गॉगल, अंगाला अत्तर, हातात पाण्याची बाटली. तो नळाकडे गेला. मी पाठोपाठ गेलो आणि त्याचा हात धरला.

"बाळा, मला अडवू नकोस. अडवलंस तर पुन्हा जमणार नाही. सुमनकाकू अशी कुणी नाही. ती आम्ही चौघांनी बनवली. गुरुवारची मी होतो. पण तू जेवलास का हे मी खरंच विचारलं होतं."

सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तळटिपांसकट. फलाटाबाहेर पोलादपूरला जाणारी जीप भरत होती, तिच्यातले लोकही ऐकायला आले. पोरगं बिचारं तोंड उघडं टाकून ऐकत होतं. मध्ये त्यानं मागे वळून पाहिलं, पण मी हात सोडला नाही. संपल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी.

तो म्हणाला, "काका, काकू नाय ते समजलं. पण मी रत्नागिरीला चाललोय. पाणी भरायला उतरलो होतो. गाडी गेली ना माझी!"

गाडीचा शेवटचा डबा लांब वळणावर दिसत होता. त्यात त्याच्या बॅगा!

स्टेशनबाहेर थांबलेल्या बाबूशेठनी त्याला टेम्पोत घातलं आणि कशेडी घाट असा पार केला, की खेडला गाडी आधी आली का टेम्पो, यावर अजून वाद आहे. गाडीत बसताना ते पोरगं बाबूशेठना म्हणालं, "त्या आजोबांना सांगा, मी जेवलोय."

* * *

संदेश गाडीनं आलाच नव्हता. तो मुंबईहून एसटीनं थेट पोलादपूरला उतरला होता, हे बाबूशेठच्या एका ड्रायव्हरनं येऊन सांगितलं.

दोन दिवस आम्ही जिन्याकडे कान लावून बसलो. पोरगं गावभर काकूंना शोधत फिरत असणार, आणि न सापडल्यावर आईसमोर जाण्याची हिंमत कुठून आणणार? मी पोलादपूरला जाऊन स्टँडवर चकरा मारून आलो. विचारायचं तरी कुणाला, नि काय?

तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात पावलं वाजली. सडपातळ, हसरा, हातात मोठी पिशवी.

"मी संदेश. इक्बालभाई कोण?"

मी उठलो. पाठ केलेली सगळी वाक्यं ओठांशी आली. "संदेश, बस. तुला एक सांगायचंय. सुमनकाकू..."

"भेटल्या की!" तो म्हणाला. "त्यांच्याकडूनच येतोय."

कॅफेत मोडेमसुद्धा गप्प झाला.

"कोण भेटलं?" कांबळे बाईंचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

"सुमनकाकू. तब्येत बरी आहे. फणसानं मुळं छान धरलीत, कमरेएवढा झालाय. मला म्हणाल्या, आधी घरी जा, आईला सांग. गेलो. सांगितलं."

"मग? आई काय म्हणाली?" आम्ही चौघं एकदम.

"पहिल्यांदा माझे हात हातात घेऊन बघितले तिनं. मग म्हणाली, भांडी घासतोस? घरी कधी स्वतःचं ताट उचललं नायस मेल्या! आणि हसायलाच लागली. आता गावात सांगत फिरतेय, माझा पोरगा एवढ्या मोठ्या हॉटेलातली भांडी घासतो, एक फुटत नाय!"

त्यानं पिशवी उघडली. "काकूंना आणलेलं सगळं त्यांनी परत दिलं. म्हणाल्या, मला कशाला, कॅफेत वाटून टाक." बाबूशेठना मोठा टॉर्च दिला. "काकू म्हणाल्या, घाटात उतरताना कामाला येईल." इक्बालला मसाल्याचा डबा. "पाच किलो कोलंबीला पुरेल म्हणाल्या." कांबळे बाईंना लाल पेनांचं पाकीट. "आता कुणाला खोडू नका, असं सांगितलंय."

बाईंनी पाकीट घेतलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"आणि सरांना?" बाबूशेठनी विचारलं.

"सरांना काय नाय दिलं काकूंनी."

मला थोडं वाईट वाटलं आणि बरंच हायसं वाटलं. माझं नाव त्या यादीत नव्हतं. म्हणजे त्याला कळलेलं नसावं. किंवा असावं. याबाबतही दोन मतं संभवतात.

संध्याकाळच्या एसटीनं तो घरी निघाला. बाकीचे कॅफेतच थांबले, मी स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यानं मला रस्त्यातला खड्डा दाखवला. तो गाडीत चढला, खिडकीशी बसला. कंडक्टरनं घंटी मारली. काहीतरी बोलायला हवं म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवलास का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. गाडी हलली. पोलादपूरच्या वळणाला लागायच्या आधी त्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला,

"जेवलो! येतो, काकू!"